पेटीवरून कीबोर्डवर: डाव्या हाताचं काय करायचं?

[पडद्यावर: टेबलावर एक छोटा काळा कीबोर्ड. वायर कशालाही जोडलेली नाही. एक बोट पट्टी दाबतं.]

फक्त प्लास्टिकची ठकठक. स्वर नाही, कारण या यंत्राच्या पोटात आवाजच नाही. हा अकाईचा एमपीके मिनी, २५ छोट्या पट्ट्यांचा कंट्रोलर. कॉम्प्युटरला जोडला, त्यात एखादं सॉफ्टवेअर उघडलं, की मग तो पियानो होतो, सतार होते, व्हायोलिनचा ताफा होतो.

[पडद्यावर: शेजारी दुसरं यंत्र. नॉबची गर्दी, खाली पट्ट्या.]

हा कॉर्गचा मिनिलॉग, २०१६ साली आलेला अ‍ॅनालॉग सिंथेसायझर, थोडक्यात सिंथ: स्वतःचा आवाज स्वतःच घडवणारं यंत्र. ३७ पट्ट्या आणि एका वेळी चार स्वर. याला कॉम्प्युटर लागत नाही. हेडफोन लावा आणि वाजवा.

घरच्या घरी स्टुडिओ थाटणाऱ्या हौशी माणसाचं गाडं बहुतेकदा इथेच अडतं: सिंथ घ्यावा की कंट्रोलर? मग तुलना सुरू होते. पट्ट्या किती, आवाज किती, पॅड किती, सोबत फुकट सॉफ्टवेअर कोणतं. हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, त्यामुळे ते मोजणं सोपं. आपण आज पट्ट्यांच्या डावीकडची चार बोटं रुंद जागा बघणार आहोत. कारण आपल्याकडे कीबोर्डकडे वळणारी पुष्कळ माणसं पेटीवरून येतात, आणि पेटीवाल्याचा निम्मा जीव डाव्या हातात असतो.

[पडद्यावर: पेटीचा भाता, जवळून.]

पेटीची पट्टी हळू दाबा किंवा जोरात, स्वराचा आवाज तेवढाच येतो. स्वर फुगतो आणि ओसरतो तो भात्यावर. उजवा हात स्वर निवडतो, डावा हात त्यात श्वास भरतो. संगीत नाटकाच्या ऑर्गनमध्ये हेच काम पाय करायचे, म्हणून दोन्ही हात मोकळे राहायचे.

कीबोर्डवर भाता नाही. तिथे त्याच जागी दोन चाकं असतात, पिच व्हील आणि मॉड्युलेशन व्हील. १९७० च्या मिनीमूग या सिंथपासून ही चाकं डाव्या हाताशी आली आणि तिथेच राहिली. मिनीमूगला ४४ पट्ट्या होत्या, एका वेळी एकच स्वर निघायचा, आणि पट्टी किती जोरात दाबली याच्याशी त्यालाही देणंघेणं नव्हतं. म्हणजे पेटीसारखंच: उजवीकडे स्वर, डावीकडे भाव.

[पडद्यावर: पाच पिनांची गोल मिडी केबल.]

आता थोडा इतिहास. तो कळला की दुकानात अर्धे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

१९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीचा सिंथ आपलीच बोली बोलायचा. अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानमधल्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी सगळ्या यंत्रांना एक सामाईक भाषा असावी म्हणून पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडले गेले. एका कंपनीच्या कीबोर्डवर बोटं फिरली आणि दुसऱ्या कंपनीचं यंत्र वाजलं. हेच मिडी. ते वापरण्यासाठी कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत असं ठरलं, म्हणून ते जगभर पसरलं. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, या दोघांना त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही, आकडे जातात. मधल्या सप्तकातली काळी एक दाबली की ६१ हा आकडा निघतो, सोबत दाबण्याचा जोर १ ते १२७ मध्ये. भातखंड्यांच्या स्वरलिपीचं पान जसं स्वतः गात नाही, तसाच हा निरोप: काय वाजवायचं ते सांगतो, वाजवणारा दुसराच. जुन्या गोल केबलमधून असा एक निरोप पोहोचायला साधारण एक मिलिसेकंद लागतो.

पट्टी आणि आवाज यांची अशी फारकत झाली म्हणून कंट्रोलर नावाची वस्तू जन्मली. आणि आपल्याला ती वाटते तितकी परकी नाही.

[पडद्यावर: ऑर्केस्ट्राच्या मंचावर ऑक्टोपॅड. वादकाच्या हातातल्या काड्या.]

महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड नसेल तर लोक विचारतात, आज काय झालं? रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड, पॅड-८, आला १९८५ मध्ये. त्या आठ रबरी चौकोनांत स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो नुसता मिडीचे निरोप धाडायचा, ठोका वाजायचा दुसऱ्या यंत्रात. आवाज पोटात घेऊन आलेले पॅड नंतरचे.

त्याच्याही आधीची एक गोष्ट मुंबईची आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एक तबकडी काढली: दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. वाद्यं तीन आणि तिन्ही रोलँडची. ज्युपिटर-८ सिंथ, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३ नावाची चंदेरी डबी. ही डबी बास गिटारच्या बदली म्हणून बनवली होती आणि त्या कामात ती साफ नापास झाली. काही वर्षांतच कंपनीने ती बंद केली. पण तिच्यात एक सोय होती, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. शिकागोच्या पोरांनी पुढे याच डबीवरून नाचाच्या संगीताचा एक अख्खा प्रकार उभा केला. चरणजित सिंग मात्र त्याआधीच तिच्यातून यमन आणि मालकंस काढून बसले होते. त्या वेळी ती तबकडी फारशी कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या संगीतवेड्यांनी कान टवकारले.

मींड हवी असलेल्या माणसाने घसरण्याची सोय असलेलं यंत्र उचललं, यात मला तरी नवल वाटत नाही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती. तेव्हाचा मुख्य आक्षेपच हा होता की पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये भिंत आहे, स्वर त्यातून वाहत नाही. कीबोर्डवर त्या भिंतीला दार आहे आणि ते डाव्या हाताला उघडतं.

[पडद्यावर: पिच व्हील फिरवणारा अंगठा. पडद्याच्या कोपऱ्यात स्वराची रेषा वाकते.]

पिच व्हील मधून वर-खाली फिरतं आणि सोडलं की स्प्रिंगने जागेवर येतं. मिडीमध्ये त्याला १६,३८४ पायऱ्या आहेत, त्यामुळे मींड तुटक ऐकू येण्याचं कारण नाही. गोची दुसरीकडे होते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये या चाकाची झेप दोनच अर्धस्वरांची ठेवलेली असते. चाक पूर्ण फिरवलं तरी सा वरून शुद्ध रे पर्यंतच जाता येतं. सा ते प अशी मींड हवी तर झेप सातवर न्यावी लागते. काही जण सरळ बारा करून टाकतात आणि मग वैतागतात, कारण तेवढ्या झेपेला अंगठा जरा हलला तरी स्वर पाव सूर सरकतो. मी सातच्या पुढे जाणार नाही.

एमपीके मिनीच्या तिसऱ्या आवृत्तीत ही चाकं नाहीत. तिथे एक इवलीशी जॉयस्टिक आहे. एकाच दांडीत पिच आणि मॉड्युलेशन दोन्ही, आणि दोन्ही सोडताच मध्यावर. ठेका बनवणाऱ्याला ती छान. भात्याची सवय असलेल्याला ती छळते, कारण भात्याचा दाब धरून ठेवता आला पाहिजे. आर्टुरियाच्या मिनीलॅब ३ वर चाकांऐवजी स्पर्शपट्ट्या आहेत. त्यांवर बोट सारत नेणं मींडेला नैसर्गिक वाटतं, पण बोटाला मध्य कळत नाही, आणि बेसूर व्हायला तेवढं पुरतं. खरी दोन चाकं ४९ पट्ट्यांच्या बहुतेक कंट्रोलरवर मिळतात. पेटी बहुधा साडेतीन सप्तकांच्या आसपास असते. ४९ म्हणजे चार सप्तकं. पेटीवाल्याला तेवढी पुरतात.

आता भाता. मॉड्युलेशन व्हील एरवी क्रमांक १ चा निरोप पाठवतं, त्याने बहुधा स्वराला कंप येतो. तेच चाक क्रमांक ११ ला जोडा. हा ‘एक्स्प्रेशन’चा क्रमांक, वाजता स्वर फुगवण्या-ओसरवण्याचा. या चाकाला स्प्रिंग नसते, ठेवाल तिथे थांबतं. व्हायोलिनच्या किंवा बासरीच्या आवाजावर सा धरा आणि चाक हळूहळू वर न्या. पेटीवाल्याचा डावा हात पाच मिनिटांत ओळख दाखवतो. पायाने करायचं असेल तर एक्स्प्रेशन पेडल मिळतं. फक्त मागे त्याचं छिद्र आहे ना ते तपासा. बऱ्याच छोट्या कंट्रोलरवर नुसतं सस्टेन पेडलचं, म्हणजे स्वर लांबवणाऱ्या पेडलचं, असतं.

उजव्या हाताची अडचण वेगळी आहे. कंट्रोलरच्या पट्टीखाली दोन संपर्क असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला यावरून जोर ठरतो. पेटीवाल्याच्या बोटांना जोराचं वळणच नसतं, त्यामुळे पियानोचा आवाज लावला की एक स्वर ओरडतो, एक कुजबुजतो. लोक यंत्राला दोष देतात. सेटिंगमध्ये वेलॉसिटी कर्व्ह असतो, तो सुरुवातीला ‘फिक्स्ड’ करा, म्हणजे प्रत्येक स्वर सारख्याच जोरात येईल. बोटं बसली की उघडा.

[पडद्यावर: मिनिलॉगचा फिल्टर नॉब. छोट्या पडद्यावर लाट आकार बदलते.]

एवढं सगळं कंट्रोलरबद्दल झालं म्हणजे सिंथ वाया, असं नाही. मिनिलॉगच्या छोट्या पडद्यावर आवाजाची लाट डोळ्यांनी दिसते. फिल्टर फिरवला की तिचे कोपरे झिजतात आणि कानालाही तेच ऐकू येतं. आवाज कसा घडतो हे शिकायचं असेल तर अशा यंत्रासारखा मास्तर नाही. माऊसने शंभर प्रीसेट, म्हणजे तयार आवाज, चाळणारा माणूस वर्षभरात जे शिकत नाही ते इथे महिन्यात हाताला कळतं. किंमत मात्र छोट्या कंट्रोलरच्या काही पट, आणि यातून तबला-तानपुरा निघणार नाही. आवाज शोधायची हौस असेल तर सिंथ. मनात चाल आहे, ती बांधायची आहे, तर कंट्रोलर. दोन्ही हौशी एकाच माणसाला असतील तर खिसा सांभाळा, आम्ही काही बोलत नाही.

पट्ट्याच नसलेले सिंथही असतात, बेहरिंगरचा मॉडेल डी तसा. त्याला वाजवायला पुन्हा कंट्रोलर लागतोच, आणि मध्ये कॉम्प्युटर नको असेल तर तोही पाच पिनांचं मिडी आउट असलेला बरा. मिनीलॅब ३ वर ते आहे, एमपीके मिनीच्या तिसऱ्या आवृत्तीवर नाही.

उशिराबद्दल थोडक्यात. पट्टी दाबल्यावर कॉम्प्युटर आवाज देईपर्यंत जो वेळ जातो त्याला लेटन्सी म्हणतात. कॉम्प्युटर आवाजाचे नमुने थोडे थोडे साठवून पुढे सोडतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने (सॅम्पलिंग) असताना बफर १२८ ठेवला तर जेमतेम तीन मिलिसेकंद, ५१२ ठेवला तर जवळपास बारा. बारा मिलिसेकंदांत आवाज हवेतून चार मीटर जातो, म्हणजे तेवढ्या अंतरावर बसलेल्या तबलजीसोबत गाण्याइतका उशीर. चालून जातो. विंडोजवर आसिओ (ASIO) ड्रायव्हर, म्हणजे हा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर, लावा, आणि वाजवताना ब्लूटूथ हेडफोन कृपा करून बाजूला ठेवा. तिथला उशीर बफरने कमी होत नाही.

जागेचंही बोलून टाकू. ८८ पट्ट्यांचा नुसता फलक सव्वा मीटरच्या आसपास, वर कडेचं लाकूड-प्लास्टिक. मुंबईच्या खोलीत तो पलंगाखाली जातो आणि तिथेच राहतो.

[पडद्यावर: लॅपटॉपवर सर्ज एक्सटी. स्वरांची यादी.]

श्रुतींचं, म्हणजे स्वरांमधल्या बारीक अंतरांचं काय, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी घडवली ती याच ओढीतून. कंट्रोलरला श्रुती कळत नाही, तो ६१ म्हणेल फार तर. पण ६१ म्हणजे किती कंपनांचा स्वर, हे आवाज देणारं सॉफ्टवेअर ठरवतं. सर्ज एक्सटी हा मोफत, मुक्त स्रोताचा सिंथ आहे. त्याला स्वरांतरांची ‘स्काला’ फाईल देता येते. तोडीचा गंधार हवा तेवढा उतरवून ठेवा, पट्ट्या त्याच राहतात. प्रत्येक बोटाला वेगळी मींड हवी असेल तर एमपीई नावाची पद्धत आहे, २०१८ मध्ये मान्य झालेली. एक्स्प्रेसिव्ह ई या कंपनीच्या ऑस्मोसवर पट्टी आडवी हलवली की त्या एकाच पट्टीचा स्वर डोलतो. वाजवून बघायला मिळाला तर जरूर बघा. विकत घेताना मात्र घरात आधी विचारा. एकेक स्वराने गाणाऱ्या सुरावटीला साधं पिच व्हील पुरतं.

[पडद्यावर: कपाटावरून उतरवलेला जुना कीबोर्ड. मागचं यूएसबी छिद्र.]

आणि काही घ्यायच्या आधी कपाटावर बघा. मुलांच्या क्लाससाठी आणलेला यामाहा किंवा कॅसिओ तिथे असेल, तबल्या-तानपुऱ्याच्या आवाजांसकट. मागे ‘टू होस्ट’ लिहिलेलं यूएसबीचं चौकोनी छिद्र असेल तर तो आजच कंट्रोलर आहे. प्रिंटरची केबल त्याला चालते. जोडल्यावर एक स्वर दोनदा ऐकू येईल, एकदा कीबोर्डचा, एकदा कॉम्प्युटरचा. मेनूमध्ये ‘लोकल कंट्रोल’ शोधून बंद करा. मॉड्युलेशन व्हील नसेल तर कॉर्गचा नॅनोकंट्रोल २ हा आठ सरकपट्ट्यांचा चिमुकला डबा मिळतो. त्यातली एक पट्टी ११ क्रमांकाला जोडा आणि डबा कीबोर्डच्या डावीकडे ठेवा. अगदी स्वस्त जुन्या मॉडेलच्या पट्ट्यांना जोर कळत नाही. पेटीवाल्याचं त्यावाचून अडत नाही. पियानो शिकायचा असेल तर मात्र त्याच्यावर शिकू नका.