कँटीनच्या उपकरणांचे शेड्यूल: कोणती माहिती कोठे लिहावी

मित्रहो, ऐरोली-महापे पट्ट्यातील आयटी पार्कांची कामे करणारे अनेक आर्किटेक्ट आणि ड्राफ्ट्समन आज वाशीतील या सभागृहात आहेत, म्हणून उदाहरणही तिथलेच घेतो: मोठ्या कार्यालयाचे कँटीन. इडली स्टीमर, वेट ग्राइंडर, कॉम्बी ओव्हन, डिशवॉशर, हात धुण्याची बेसिने अशा तेथील बहुतेक वस्तूंना वीज, पाणी, गॅस किंवा ड्रेन यांपैकी काही ना काही लागतेच. तरीही नकाशा ऑटोकॅडमध्ये आणि उपकरणांची यादी एक्सेलमध्ये अशी फाळणी आजही चालते, आणि नकाशात वस्तू बदलली तरी यादीला त्याचा पत्ता नसतो. रेव्हिट या इमारतीचे त्रिमितीय मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील शेड्यूल म्हणजे तक्त्याच्या रूपातले मॉडेलच. येथे आकडा बदलला की तेथे वस्तूचीही माहिती बदलते. मात्र जे फॅमिलीत, म्हणजे वस्तूच्या तयार साच्यात, लिहिलेलेच नाही, ते शेड्यूल आणणार कोठून?

म्हणून पहिला निर्णय हा की कोणती माहिती टाइपची, म्हणजे संपूर्ण जातीची, आणि कोणती इन्स्टन्सची, म्हणजे एकेका नगाची. उत्पादक, मॉडेल क्रमांक, मापे, किलोवॅट आणि फेज टाइपमध्ये राहावेत, कारण त्याच जातीच्या सर्व नगांसाठी ते सारखेच असतात. नगाचा क्रमांक आणि तो कोण पुरवणार, कोण बसवणार, ही माहिती इन्स्टन्समध्ये हवी. मालकाने जुन्या कँटीनमधून आणलेला ग्राइंडर आणि कंत्राटदाराने नवा घेतलेला ग्राइंडर एकाच टाइपचे असू शकतात.

फेजचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ९ किलोवॅटचा ओव्हन ४१५ व्होल्टच्या थ्री-फेजवर सुमारे १२.५ अँपिअर घेतो. तेवढाच भार २३० व्होल्टच्या सिंगल-फेजवर टाकला तर सुमारे ३९ अँपिअर होतात. केबल, एमसीबी, पॅनेलमधील जागा हे सारे त्या एका रकान्यावर ठरते, आणि चूक उघडकीला येते ती बहुधा फरशी बसल्यानंतर. अँपिअर हाताने लिहू नका. किलोवॅट, व्होल्टेज आणि फेज यांवरून ते शेड्यूलमधील सूत्राने काढून घ्या. मोटर असलेल्या यंत्रांसाठी सूत्रात पॉवर फॅक्टरही (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) धरावा लागतो.

आता शेअर्ड पॅरामीटर, म्हणजे अनेक फॅमिली आणि प्रोजेक्टांत सामायिक वापरता येणारा माहितीचा रकाना. फॅमिलीत तुम्ही स्वतः जोडलेला साधा पॅरामीटर प्रोजेक्टच्या शेड्यूलमध्ये किंवा टॅगमध्ये (ड्रॉइंगवरील लेबलमध्ये) दिसत नाही. त्यासाठी तो शेअर्डच हवा. हे पॅरामीटर एका टेक्स्ट फाइलमध्ये असतात आणि सॉफ्टवेअर त्यांना नावावरून नव्हे, आतल्या ओळख-क्रमांकावरून ओळखते. त्यामुळे दोघांनी आपापल्या फाइलमध्ये ‘ड्रेन साइझ’ नावाचा पॅरामीटर बनवला, तर शेड्यूलमध्ये एकाच नावाचे दोन रकाने येतात, दोन्ही अर्धवट भरलेले. कार्यालयात ही फाइल एकच असावी, सर्व्हरवर असावी आणि तिला हात लावण्याचा अधिकार एकाकडेच असावा, असा माझा आग्रह आहे.

सिंकच्या फॅमिलीत बसवलेल्या नळाच्या फॅमिलीलाही ‘शेअर्ड’ अशी वेगळी खूण केल्याखेरीज तो नळ शेड्यूलमध्ये स्वतंत्र मोजला जात नाही, हेही ध्यानात ठेवा. तसेच खाद्यसेवा उपकरणांचा वेगळा वर्ग रेव्हिट २०२२ मध्ये आला. त्याआधीच्या फॅमिली बहुधा ‘स्पेशालिटी इक्विपमेंट’मध्ये सापडतील आणि नव्या वर्गाच्या शेड्यूलमधून चुपचाप गळतील.

शेवटी खरेदी विभागाचा मुद्दा. शेड्यूलमधून एक्सेलमध्ये निर्यात केलेली फाइल मॉडेलपासून तुटलेली असते. खरेदी अधिकाऱ्याने एक्सेलमध्ये डिशवॉशरचा ब्रँड बदलला, तर गरम पाण्याच्या जोडणीची जागा आणि ड्रेनची उंचीही बदलू शकते, पण प्लंबरच्या हातातील ड्रॉइंग जुनेच राहते. म्हणून प्रत्येक निर्यातीवर तारीख आणि रिव्हिजन क्रमांक घाला, आणि ड्रॉइंगचा पुढचा संच साइटवर जाण्यापूर्वी खरेदीतील प्रत्येक बदल मॉडेलमध्ये नोंदवण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे लेखी सोपवा.