ओटी-माजघरामधली भिंत पाडताना

श्रोतेहो, नमस्कार. गणपतीला चाकरमानी गावी आले की कोकणातल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो. ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत काढली तर ऐसपैस हॉल होईल, आरतीला सगळे मावतील. मग एखादा काका भिंतीवर टिचकी मारून निकाल देतो, "पोकळ आहे रे, पाडा बिनधास्त!" टिचकीवरून नारळ कळतो, भिंत वरचं ओझं घेते की नाही ते नव्हे. जाडीवरूनही कळत नाही. नऊ इंची भिंत नुसती आडोशाची असू शकते आणि साडेचार इंचीच्या डोक्यावर माळा बसलेला असू शकतो.

छपराला कैची असेल तर हिशोब सरळ असतो. दोन तिरके वासे, आणि त्यांचे पाय फाकू नयेत म्हणून खाली आडवी तुळई. हजार चौरस फुटांच्या पाख्यांवर मंगळुरी कौलं चौदाशेच्या आसपास लागतात. एक कौल अडीच किलोचं धरलं तरी साडेतीन टन झाले, पावसात भिजल्यावर आणखी जास्त. हे सगळं ओझं कैची आपल्या दोन टोकांच्या भिंतींवर नेऊन सोडते. मधल्या भिंतीने त्यातलं काही घ्यावं अशी अपेक्षाच नसते.

पण प्रत्येक कौलारू घराला कैची असते असं नाही. जुन्या घरांत पुष्कळदा मधली भिंतच थेट वर चढवून तिच्यावर आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, टेकवलेलं असतं आणि वासे त्या आढ्यावर. अशा भिंतीला हात लावायचा नाही. हे खालून दिसत नाही, म्हणून विजेरी घेऊन माळ्यावर चढा.

वर कैच्या दिसल्या, तर भिंतीचा माथा आणि कैचीची तुळई यांच्यामध्ये हॅक्सॉचं पातं सरकवून बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं फिरलं तर चांगली खूण. अडलं, तर तिथला गिलावा जरा खरवडा. खरी गोम इथे असते. तीसचाळीस वर्षांत लाकूड खाली झुकतं, वाळवी लागते आणि तुळई हळूहळू भिंतीवर येऊन बसते. कधी गवंड्यानेच वरची फट सिमेंटने भरून टाकलेली असते किंवा कुणी पाचर ठोकलेली असते. बांधली तेव्हा आडोशाची होती, आज ओझं घेते आहे. म्हणून घराचा जुना नकाशा सापडला तरी त्यावर विसंबू नका.

तुळईचा सांधाही शोधा. दोन तुकडे जोडून केलेली तुळई असेल आणि सांधा नेमका भिंतीवर येत असेल, तर ती भिंत त्याला आधार देते असंच समजा. माळ्याच्या फळ्यांखालची लाकडं भिंतीत घुसली आहेत का, तेही बघा. छपराचा भार नसला तरी माळ्यावर भाताची पोती असतात!

आणि वरून कसलंच ओझं नसलेली आडवी भिंतसुद्धा लांबलचक बाहेरच्या भिंतीला मध्ये धरून ठेवते. ती काढली की बाहेरची भिंत वाऱ्यासमोर एकटी पडते. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडची छपरं कशी उडाली ते आपण पाहिलंय. त्यानंतर ज्यांनी लोखंडी कैच्या आणि पत्रे घातले, त्यांनी नवी कैची खरोखर दोन टोकांवरच टेकलीय का, हे वेल्डरला विचारून न थांबता स्वतः वर चढून बघावं.

शंका राहिली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची फी छपरापेक्षा स्वस्तच पडते. पाडायचं ठरलंच, तर आधी दोन्ही बाजूंनी टेकू द्या, टेकूखाली जाड फळी घाला, नाहीतर तो शेणाच्या जमिनीत रुततो. आणि हे काम गणपतीच्या सुट्टीत, कौलं ओली असताना काढू नका. दिवाळीनंतर, छप्पर वाळल्यावर, सुतार आणि गवंडी दोघे हजर असताना काढा.