आईसाठी कबर उघडली तेव्हा

येत्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपण सगळे दफनभूमीत जाऊ. कबरी धुऊ, फुलं ठेवू, मेणबत्त्या लावू. त्याआधी कबरीच्या आत काय असतं यावर बोलावं, म्हणून पेटीऐवजी सुती कापडात दफन करण्याचा हा विषय मी आजच्या सभेत बोलायला मागून घेतला.

आईच्या दफनासाठी आमच्या घरची कबर उघडली, तेव्हा बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. कबर खणणाऱ्या काकांनी मला लांब उभं राहायला सांगितलं, पण माझे पाय हलेनात. आधी शवपेटीची एक कडी वर आली. मग सनमायका लावलेल्या प्लायवूडचा तुकडा. मग सॅटिनची झालर, चिखलाने काळी पडलेली, पण धागा न् धागा शाबूत. शेवटी बाबांचा टेरिकॉटचा सूट. त्या सुटावरून मी त्यांना ओळखलं. काका हळूच म्हणाले, “पेटी भारी होती ना, म्हणून वेळ लागतो.”

ती भारी पेटी मीच निवडली होती. बाबांवरचं प्रेम दाखवायला त्या दिवशी माझ्या हातात दुसरं काहीच नव्हतं. दुकानात तीन पेट्या होत्या, मी सगळ्यात चकचकीत पेटीवर बोट ठेवलं. तुमच्यापैकी अनेकांनी हेच केलं असेल, आणि त्यात कुणाची चूक नाही. म्हणूनच हा निर्णय मरण घरात आलं असताना घेऊ नये, असं मला कळवळून वाटतं.

पेटीमुळे वेळ का लागतो? शरीराचं मातीत विरघळणं हे मुख्यतः जिवाणूंचं काम. हवा आणि मातीचा थेट स्पर्श मिळाला, तर ते लवकर होतं. पॉलिश केलेली, घट्ट बंद पेटी नेमकं हेच अडवते. प्लायवूडचे थर फॉर्मल्डिहाइड असलेल्या डिंकाने चिकटवलेले असतात. अस्तर पॉलिस्टरचं, कड्या धातूच्या, वर वॉर्निश. हे सगळं आपल्याच विहिरींच्या शेजारी जमिनीत राहतं. आणि वसईचा पाऊस तर तुम्हाला ठाऊकच आहे. जुलैत कबरीत पाणी भरतं, पेटी तरंगायला लागते, ती खाली बसवायला माणसं धडपडतात आणि घरची मंडळी ते बघत उभी असतात. सुती कापडात गुंडाळलेला देह मातीशी लवकर एक होतो. आपल्याकडे जागा कमी, त्याच कबरी पुन्हा वापराव्या लागतात, तेव्हा हा फरक फार मोठा ठरतो.

“पण फादर काय म्हणतील?” हे मला नेहमी विचारतात. चर्चच्या कायद्यात पेटीची सक्ती नाही. आपल्या प्रभू येशूला तरी कुठे पेटी होती? अरिमथाईकर योसेफाने तागाचं वस्त्र विकत आणलं, त्यात देह गुंडाळला आणि कबरेत ठेवला. मार्कच्या शुभवर्तमानात इतकंच आहे. दर वर्षी राखेच्या बुधवारी आपण कपाळावर राख लावून घेतो आणि ‘तू माती आहेस’ हे ऐकतो. वसईच्या काही धर्मग्रामांत, म्हणजे पॅरिशमध्ये, पेटीविना, सुती कापडातलं दफन सुरू झालंही आहे. मिस्सा तीच, प्रार्थना त्याच, आशीर्वादही तोच.

ही वाट आपल्या शेजारीही आहे. मुसलमान बांधव मशिदीच्या सामाईक जनाज्यातून देह नेतात आणि कफनात पुरतात. ज्यूंची एक जुनी गोष्ट तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथात आहे. एके काळी त्यांच्यात अंत्यविधीचा खर्च इतका वाढला होता, की मरणापेक्षा तो खर्च नातलगांना जड जायचा, आणि लोक देह सोडून पळून जायचे. तेव्हा रब्बान गमालिएल यांनी स्वतःला साध्या तागाच्या वस्त्रात न्यायला सांगितलं. ते मोठे धर्मपुरुष होते. त्यांनी साधेपणा पत्करल्यावर गरिबाला साधेपणाची लाज उरली नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्या गावातही आधी सधन घरांनी कापड निवडलं पाहिजे. गरिबाने निवडलं तर लोक म्हणतील, परवडलं नाही.

याच्या उलट एक अनुभव ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाचा. १७८४ मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याने हुकूम काढला, की देह तागाच्या पिशवीत पुरायचा आणि पेटी पुन्हा वापरायची. त्यासाठी तळाला उघडणारी झडप असलेली पेटी केली गेली. विचार काटकसरीचा होता, पण लोक खवळले आणि जानेवारी १७८५ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. म्हणून धर्मग्रामाच्या समितीने पेटीवर बंदी घालावी, याला माझा विरोध आहे. शोकात असलेल्या घरावर नियम लादू नयेत.

अलीकडची दोन उदाहरणं सांगतो. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी सगळ्यात स्वस्त पेटी मागितली होती. डिसेंबर २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचा देह पाइनच्या साध्या पेटीत, दोरीच्या कड्यांसह, केप टाउनच्या कॅथीड्रलमध्ये ठेवला होता. पोप फ्रान्सिस यांनी एकात एक अशा तीन पेट्यांची परंपरा बंद केली. एप्रिल २०२५ मध्ये त्यांना एकाच लाकडी पेटीत पुरलं, मात्र तिला आतून जस्ताचं अस्तर होतं. म्हणजे साधी पेटी मातीत मिसळेलच असं नाही, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. इंग्लंडमध्ये कार्लाइल इथे १९९३ मध्ये नगरपालिकेने झाडांखाली पुरण्याची दफनभूमी सुरू केली. तिकडे वेताच्या, लोकरीच्या, पुठ्ठ्याच्या पेट्याही मिळतात. आपल्याला त्या मागवायची गरज नाही. आपल्या पालघर जिल्ह्यात बांबूच्या टोपल्या, सुपं विणणारे हात आहेत. ज्यांना कापड एकदम धक्कादायक वाटतं, त्यांनी खिळ्याविना विणलेली बांबूची पेटी करून घ्यावी, किंवा बिनपॉलिशच्या आंब्याच्या फळ्या वापराव्यात.

अडचणीही आहेत. आखातातून किंवा जहाजावरून आपलं माणूस येतं, तेव्हा देह रसायन भरून, सीलबंद पेटीत येतो. तिथे आपल्या इच्छेला फारशी जागा नसते.

शेवटी, मागे बसलेल्या मावशींनी विचारलं, की चेहरा बघायला मिळतो का? मिळतो. चर्चमध्ये देह धर्मग्रामाच्या सामाईक पेटीत उघडाच असतो, अंगावर सुती साडी किंवा सुती झगा. नायलॉनचे मोजे आणि प्लास्टिकची माळ मात्र आधीच काढून ठेवायची. कबरीजवळ घरातल्या बायका कापड चेहऱ्यावरून घेतात. खाली सुती पट्ट्या असतात, दोन्ही बाजूंनी सहा जण त्या धरतात आणि सावकाश खाली सोडतात. माझ्या आईला आम्ही तसंच ठेवलं. पट्ट्या परत ओढून काढायच्या नाहीत. त्यांची टोकं आत सोडायची आणि मग माती.