चहा, प्रायश्चित्त आणि सहाशे रुपये

अध्यक्षमहाराज, वडीलधारी मंडळी आणि दाराजवळच्या रांगेत बसलेल्या मित्रांनो. तुम्ही दाराजवळच का बसलात ते मला ठाऊक आहे. पत्रिकेवर विषय छापलाय ‘ख्रिस्ती श्रद्धेतील पश्चात्ताप व क्षमा’ आणि वेळ दिलीय पंचेचाळीस मिनिटं. त्यातली निम्मी क्षमेला ठेवायची असं घरून ठरवून निघालो होतो. ही म्हणाली, जमायचं नाही.

आधी एक कबुली देतो. 1979 साली मी नगरहून पुण्याला नोकरीला आलो, तेव्हा खोलीच्या डिपॉझिटसाठी मामेभावाकडून, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, सहाशे रुपये घेतले. ते द्यायचे राहिले. आज देऊ, दिवाळीत देऊ, मग मुलांच्या फिया, मग लाजच वाटायला लागली. आणि एवढी वर्षं दर रविवारी मी देवळात उभा राहून खणखणीत आवाजात म्हणतोय, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.’ हे सहाशे रुपये ध्यानात असू द्या. वेळ उरला तर परत येतो त्यांच्याकडे.

पुण्यात बसलोय, तर पुण्यापासूनच सुरू करू. गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय तुम्हाला माहीत आहे. त्या आवाराला पंच हौद मिशन म्हणतात. 1890 साली तिथे एका कार्यक्रमाला शहरातली मोठी माणसं गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कार्यक्रम झाल्यावर मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी प्यायला, कोणी यजमानांचं मन मोडू नये म्हणून कप नुसता हातात धरून खाली ठेवला. विषय तिथेच संपायचा. पण पाहुण्यांत गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. या गृहस्थांना काडी टाकून गंमत बघायची भारी हौस. त्यांनी चहा पिणाऱ्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली! पुढचं काय सांगू? ग्रामण्य झालं, म्हणजे जातीचा बहिष्कार, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. श्राद्धाला ब्राह्मण मिळेनात, सोयरिकी अडल्या. हल्लीच्या कॅफेतसुद्धा चहा एवढा महाग पडत नाही.

सुटायचा मार्ग एकच, प्रायश्चित्त. टिळकांनी सांगितलं, मी काशीला जाऊन घेतलंय. रानड्यांनीही पुढे घेतलं. मित्रांची फार कुचंबणा होत होती, त्यांच्यासाठी घेतलं. सुधारक रागावले, सनातनी खूश झाले, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारा माणूस नेहमीप्रमाणे रानडेच.

ही गोष्ट मी पन्नास वेळा सांगितली असेल. माझे विद्यार्थी समोर असतील तर त्यांनी जांभई दिली तरी चालेल. पण मला त्यातलं एक सोडवत नाही. प्रायश्चित्त यथासांग पार पडलं, पण पश्चात्ताप कोणाला झाला होता? तो चहा प्यायल्याचं रानड्यांना मनातून वाईट वाटलं असेल असं मला काही वाटत नाही. म्हणजे ताप शून्य आणि विधी पूर्ण. आता तुकोबा इथून तासाभराच्या अंतरावर, देहूत, अडीचशे वर्षं आधी सांगून गेले होते की अनुतापात चित्त न्हालं की तेच प्रायश्चित्त. चौकशीला बसलेल्या शास्त्र्यांना हे पाठ नसेल काय? असणारच. पण पाठ असणं वेगळं.

यावर आपण ख्रिस्ती मंडळींनी हसायचं कारण नाही. हाच घोळ युरोपात आधी झाला होता, तोही एका शब्दावरून. येशूचा पहिला उपदेश काय? ‘पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे.’ मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे मेटानोइया, मन पालटणं. लॅटिन बायबलमध्ये त्याचं झालं ‘पोएनितेंतिआम आगिते’. याचा अर्थ पश्चात्ताप करा असाही लागतो आणि प्रायश्चित्त करा असाही. लोकांनी दुसरा ऐकला. सोपा होता, मोजता येत होता. मोजता येतं ते विकता येतं, आणि पापाचा दंड माफ झाल्याच्या चिठ्ठ्या खरंच विकल्या गेल्या. 1516 मध्ये इरॅस्मस या पंडिताने ग्रीक नवा करार छापला, आणि पुढच्याच वर्षी जर्मन धर्मसुधारक लूथरचे 95 मुद्दे आले. त्यातला पहिलाच मुद्दा हा, की ‘पश्चात्ताप करा’ म्हणताना प्रभूला विश्वासणाऱ्याचं सबंध आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असं म्हणायचं होतं. अख्खी धर्मसुधारणा एका भाषांतरावर पेटली म्हटलं तरी चालेल. मराठीच्या मास्तराला याचा केवढा आनंद होतो, तुम्हाला कल्पना नाही. आपल्याकडे पंडिता रमाबाई केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणत होत्या, 1922 साली जाईपर्यंत. त्यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं. आयोजकांनी ऐकलं असेलच.

तर माझं लाडकं म्हणणं असं. आपण प्रॉटेस्टंटांनी प्रायश्चित्त टाकलं, ठीक केलं, पण मग हातात राहिला तो नुसता ताप. पश्चात्, म्हणजे मागाहून, ताप. येऊन उतरणारा. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांत, चढतो, ईस्टरला उतरतो. जुन्या करारात संदेष्टे ‘शूव’ म्हणतात. शूव म्हणजे वळ, माघारी फिर. तापाचा त्यात संबंध नाही. तुम्ही लक्ष्मी रस्त्यावर उलटे शिरलात. समोरून सगळं पुणं अंगावर येतंय. तुम्हाला मनापासून वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि स्कूटर तशीच पुढे. मामा पावती फाडणारच.

येशूला धरून देणाऱ्या शिष्याला, यहूदालाही, वाईट वाटलं होतं. शुभवर्तमानकार मत्तयाने तिथे मेटानोइया वापरलेला नाही, दुसरं क्रियापद घेतलंय. यहूदा पस्तावला, तीस नाणी मंदिरात टाकली आणि गेला तो मरायलाच गेला. दुसरा शिष्य पेत्र धरपकडीच्या त्याच रात्री येशूबद्दल तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला आणि कोंबडा आरवल्यावर ढसाढसा रडला. पण तो पुन्हा इतरांत येऊन बसला, म्हणून पुढे कोळशाच्या शेगडीशी येशूचं ‘माझ्यावर प्रीती करतोस काय’ हे तीनदा ऐकायला तो जागेवर होता. येशूच्या दाखल्यातल्या, बापाचा पैसा उडवून बसलेल्या उधळ्या मुलाचंही तेच. डुकरं राखताना त्याने वाक्य जुळवलं, मला आपल्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. बापापुढे ते त्याला म्हणताच आलं नाही. बापाने मध्येच तोडलं आणि झगा मागवला. पाठ केलेलं भाषण अर्ध्यात तुटलं, पण तोवर पाय घराकडे वळले होते.

चिठ्ठी आलीय. ‘सात मिनिटे.’ हिचंच खरं झालं.

क्षमा, भरभर. मत्तय, अध्याय अठरा. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात? येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा. मग दाखला. चाकराचं राजाला देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सहा हजार दिवसांची मजुरी, म्हणजे एकूण सहा कोटी दिवस. वर्षाला तीनशे दिवस काम धरा, दोन लाख वर्षं. राजाने ते सोडलं. बाहेर येऊन या चाकराने शंभर दिवसांच्या मजुरीसाठी दुसऱ्याची नरडी धरली. प्रवचनात आपण चाकराला शिव्या घालून घरी जातो. मी विचारतो, ते दहा हजार तालांत गेले कुठे? राजाच्या तिजोरीत तेवढा खड्डा पडला. सोडणाऱ्याच्या खिशाला खार लागतो. मूळ ग्रीकमध्ये क्रियापदही ‘सोड’ असंच आहे, म्हणून प्रभूच्या प्रार्थनेतला आपला मराठी ‘सोड’ मला क्षमेपेक्षा जास्त आवडतो. क्रूसाबद्दल मला जे थोडंफार समजलंय ते याच वाटेने.

आणि म्हणूनच घरातल्या सुनेला, ‘ख्रिस्ती ना तू, मग क्षमा कर,’ असं सांगणाऱ्या सासरच्यांची मला चीड येते. पैसे तिचे बुडालेत, सोडायचे की नाही ते ती ठरवेल. ज्याने बुडवले त्याच्यासाठी वेगळं कलम आहे, मत्तय पाच: वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा.

दोन मिनिटं. सहाशे रुपये. गेल्या पावसाळ्यात मी नगरला गेलो. बायबलातला जकातदार जक्कय, ज्याला फसवलं त्याला चौपट देतो म्हणाला होता, म्हणून पाकिटात चोवीसशे. दादा खुर्चीत पेपर वाचत होता. म्हणाला, “कसले सहाशे? मी केव्हाच सोडले रे.” मला भरून आलं. तेवढ्यात वहिनी आतून एक जुनी डायरी घेऊन आल्या. तारीख होती, माझं नाव होतं.

“तुम्ही सोडले असतील,” त्या दादाला म्हणाल्या, “शिलाईचे माझे होते.”

वहिनींनी पैसे मोजून घेतले, दोनदा. एक नोट फाटकी होती, ती बदलून मागितली.