हजेरीचा तास : 'टॉय सोल्जर्स' पुन्हा पाहताना

मंडळी, १९९१ सालचा 'टॉय सोल्जर्स' ज्यांनी व्हिडिओ कॅसेटच्या दिवसांत पाहिला, त्यांना बहुतेक शेवटची धुमश्चक्री आणि पोरांची मर्दुमकी आठवत असेल. मला मात्र आज तो वेगळाच चित्रपट वाटतो. या पोरांची खरी लढाई बंदुकीची नाही. पाळत ठेवायची, मोजायचं, आणि खबर बाहेर पोचवायची, अशी ती लढाई आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो. अमेरिकेतली एक निवासी शाळा. दुसरीकडून काढून टाकलेली, बड्या घरांतली मुलं इथं येतात. लुईस काली नावाचा कोलंबियन तरुण हत्यारबंद टोळी घेऊन ती शाळा ताब्यात घेतो. त्याचा बाप अमली पदार्थांचा बडा सूत्रधार, तो अमेरिकेच्या कैदेत आहे, त्याला सोडवायचंय. दर तासाला हजेरी. एक मुलगा कमी भरला, तर पाच जणांना गोळ्या.

दिग्दर्शक डॅनियल पेट्री ज्युनिअर यांनी चित्रपटाचा सगळा ताण या एका नियमावर पेललाय. शॉन ॲस्टिनचा बिली टेपर आधी माउथवॉशच्या नावाखाली दारू विकणारा वांड पोरगा. पण निसटायचं कुठून, नजर चुकवायची कशी, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. टोळीत माणसं किती, पहारे कुठं, ही माहिती घेऊन तो बाहेर पडतो, अधिकाऱ्यांच्या हवाली करतो, आणि परत आत जातो. सुटलेला मुलगा परत जातो! का, तर हजेरीत तो नसला तर मित्र मरतील. अख्ख्या चित्रपटात याहून मोठं शौर्य मला दिसत नाही.

आपण मुंबईत बसून हे पाहतो तेव्हा २६ नोव्हेंबर २००८ आठवतोच. ताज, ओबेरॉय, नरिमन हाउस. तेव्हा खबर उलट्या दिशेनं वाहत होती. कमांडोंच्या हालचाली टीव्हीवर थेट दिसत होत्या आणि सीमेपलीकडचे सूत्रधार ते पाहून फोनवरून हुकूम सोडत होते. कसाब खटल्याच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी घालणारा नियम आला तो २०१५ साली. ओलिसांच्या प्रसंगात कुणाला काय कळतं यावर जीव अवलंबून असतात, हे आपण फार मोठी किंमत मोजून शिकलो. म्हणून बिलीची ती मोजदाद मला आता पोरखेळ वाटत नाही.

टोळीतली बाकीची माणसं मात्र पुठ्ठ्याची आहेत. कोलंबियाबद्दल चित्रपटाला काडीची उत्सुकता नाही, आणि ते मला खटकतं.

पण विल व्हीटनचा जोई ट्रॉटा विसरता येत नाही. बाप माफियाचा म्होरक्या. त्या बापाच्या वजनामुळे जोईच्या सुटकेची सोय होते, आणि नेमकी तीच सुटका या पोराला नको असते. तो बंदूक हिसकावतो आणि मारला जातो. पुढे लुईसच्या बापाचाही तुरुंगात खून होतो. एक मुलगा बापासाठी अख्खी शाळा वेठीला धरतो, दुसरा बापाच्या नावावर मिळणारा जीवही नाकारतो. पटकथेनं या दोघांना समोरासमोर बसवून बोलतं केलं असतं, तर हा चित्रपट कितीतरी मोठा झाला असता.