जोत्यावरचे पैसे

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या या कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत, रात्रभर पाऊस कोसळला आहे, आणि सकाळी चिऱ्याच्या जोत्यावरून तांबूस-काळ्या किड्यांची संथ रांग ओट्याकडे चढते आहे. हात लागताच हे किडे नाण्यासारखे वेटोळे करतात, म्हणून त्यांना पैसा म्हणतात. त्यांच्या बहुतेक वलयांखाली पायांच्या दोन-दोन जोड्या दिसतात. गोमेच्या वलयाला एकच जोडी असते, ती चपळ असते आणि डसते. पैसा डसत नाही, तरी गोम समजून चप्पल बहुधा त्याच्यावरच पडते.

थंड देशांत हिवाळ्याच्या तोंडाशी उबेसाठी किडे घरांत शिरतात. पूर्व आशियातून अमेरिकेत पोहोचलेला आणि १९९८ साली पेनसिल्व्हेनियात सापडलेला तपकिरी दुर्गंधी ढेकूण त्यांपैकीच एक. गोव्यात थंडीचे हे काम पाऊस करतो. अंगातली ओल टिकवणे पैशाला जमत नाही, म्हणून तो ओलसर पातेऱ्याखाली, म्हणजे गळलेल्या पानांच्या थराखाली, राहतो. परंतु मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्याला वर यावेच लागते. घरातल्या कोरड्या जमिनीवर तो फार काळ जगत नाही, आणि तिथे त्याची वीणही वाढत नाही.

त्यामुळे खोल्यांत औषध फवारून मेलेले पैसे झाडण्यापलीकडे काही हाती लागत नाही. या घरात जोत्यालगतचा पातेरा दातेरी फावड्याने दोन हात मागे ओढला जातो, तुंबलेला पाट मोकळा केला जातो, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी बसते, आणि आत आलेले पैसे सुपलीत भरून पुन्हा पोफळींच्या बुंध्याशी सोडले जातात. तिथे ते कुजका पाला कुरतडून त्याचा भुगा करतात, आणि तोच भुगा पुढे माती होतो. विकतच्या खताचा हिशेब ठेवणाऱ्यांनी हे काम कधी मोजलेले नाही. पैसा चिरडल्यास निघणारा द्रव कातडीवर डाग पाडतो व डोळ्यांत झोंबतो, एवढे सांभाळावे.

संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती वाळवीची पाखरे जमतात. चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असेल, तर ती वाळवी. उडत्या मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मोठे असतात. घरातले दिवे मालवून अंगणातल्या एका दिव्याखाली पाण्याची परात ठेवली की बरीचशी तिथेच उतरतात. हीच पाखरे घराच्या तुळईतून बाहेर पडताना दिसली, तर मात्र लाकूड जाणकाराकडून तपासून घ्यावे लागते.