शनिवारचे हात, मंगळवारचं काम

(बॉस्टन परिसरातल्या मराठी श्रोत्यांपुढे, थंडीच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. ज्यांचं लहानपण गावात गेलं त्यांना ‘इर्जिक’ हा शब्द ठाऊक असेल. एखाद्याच्या घरात आजारपण आलंय, बैलजोडी नाही, पेरणी तर तोंडावर आलेली. अशा वेळी शेजारपाजारचे आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचे आणि दिवस मावळायच्या आत काम उरकून द्यायचे. मजुरी नाही. ज्याचं शेत, त्याच्याकडे सगळ्यांचं जेवण. माझ्या आजोळी, सिन्नर तालुक्यात, मी हे पाहिलंय.

इथे न्यू इंग्लंडमध्ये तशाच प्रथेला ‘बार्न रेझिंग’ म्हणतात. गावानं जमून शेतकऱ्याचं लाकडी कोठार उभं करून द्यायचं. २००८ साली बॉस्टनलगतच्या केंब्रिजमधल्या काही शेजाऱ्यांनी तो शब्द उचलला आणि कोठाराच्या जागी जुन्या, गळक्या इमारती घेतल्या. ‘होम एनर्जी एफिशियन्सी टीम’ हे त्या संस्थेचं नाव, थोडक्यात ‘हीट’. लोकांनी सुटीच्या दिवशी एका इमारतीत जमायचं, फटी बुजवायच्या, दारं-खिडक्या नीट बसवायच्या आणि शिकलेलं आपापल्या घरी जाऊन करायचं.

मी काम करते ती संस्था याहून बरीच लहान आहे. आठ वर्षं मी तिथे स्वयंसेवक होते, गेली पाच वर्षं पगारावर आहे. दोन्हीकडून पाहिल्यामुळे एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. अशी संस्था शनिवारी दिसते, पण चालते ती मंगळवारी. शनिवारी वीसजण येतात, फोटो निघतात. मंगळवारी कुणीतरी एकटं बसून फोन करतं, अर्ज भरतं, बुजवलेल्या फटीचं पुढे काय झालं ते विचारतं. ही दोन कामं एकमेकांपासून तुटली की संस्था बसते.

आधी घराकडे बघू. डॉर्चेस्टर, समरव्हिल, केंब्रिज इथली तीन मजली लाकडी घरं तुम्ही रोज बघता. ट्रिपल-डेकर. त्यातली पुष्कळशी शंभर वर्षांपूर्वीची. थंडी वाजायला लागली की प्रत्येकजण खिडकीला दोष देतो, कारण वारा तिथे अंगाला लागतो. पण घर हे धुराड्यासारखं वागतं. गरम हवा हलकी; ती वर चढते आणि माळ्यातल्या भोकांतून निसटते. जेवढी वरून जाते तेवढी थंड हवा तळघरातून आत ओढली जाते. म्हणून काम सुरू करायचं ते माळ्यावर, मग तळघरात, जिथे लाकडी सांगाडा दगडी पायावर टेकतो त्या पट्ट्यात. खिडकीचा नंबर त्यानंतर.

हे साधं वाटतं, पण कळायला वेळ लागला. १९७०च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत एकसारखी बांधलेली घरं घेऊन वर्षानुवर्षं मोजमापं केली. गौतम दत्त, यान बेया ही त्यातली नावं. माळ्यावर उष्णता अडवणारा थर होता, तरीही तिथून जाणारी उष्णता कागदावरच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त भरली. शोध घेतल्यावर सापडल्या भिंतींच्या आतल्या पोकळ्या आणि धुराड्याच्या नळाभोवतीची मोकळी जागा. गरम हवा थराला वळसा घालून सरळ वर जात होती. अशा चोरवाटा डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी ‘ब्लोअर डोअर’ लागतो. दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवायचा आणि घरातली हवा बाहेर खेचायची. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलनं खाली आणायचा. मग घर आपल्या फटी स्वतः दाखवतं. विजेच्या बटणांच्या पाटीमागून गार झुळूक येते. पहिल्यांदा तिथे हात धरला तेव्हा अंगावर काटा आला होता. अजूनही येतो.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. एका जुन्या घरात आम्ही वीसेकजण सकाळी आठपासून लागलो होतो. तीनला सगळं आटपलं. वरच्या मजल्यावर घरच्यांनी मोठं पातेलंभर सूप करून ठेवलेलं, सगळे दमलेले, हात काळे. आमच्याकडे तेव्हा पगारी माणूस एकच, पूर्वाश्रमीचा सुतार. तो म्हणाला, शेवटची चाचणी झाल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. मला राग आला. लोक फुकट राबलेत, त्यांना ताटकळत ठेवायचं? त्यानं ऐकलं नाही. दारं-खिडक्या बंद केल्या, स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला पंखा लावला, कपडे वाळवायचं मशीन सुरू केलं आणि तळघरात पाणी तापवायच्या गॅसच्या टाकीपाशी जाऊन धुराची कांडी धरली. धूर धुराड्यात चढायच्या ऐवजी आमच्या तोंडावर आला.

कळतंय ना? घर आम्ही इतकं घट्ट केलं होतं की पंख्यांना हवा मिळेना, म्हणून ते धुराड्यातून खाली ओढत होते. त्या हवेबरोबर जळलेल्या गॅसचा धूर घरात येणार, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. वास नाही, रंग नाही. त्या घरात दोन लहान मुलं होती. टाकी तिथल्या तिथे बंद केली. धुराड्याची दुरुस्ती होईपर्यंत दोन दिवस त्या कुटुंबाला गरम पाणी नव्हतं, आणि तरी त्या बाईंनी आम्हा सगळ्यांना सूप वाढलं. मी तेव्हा शिडी सांभाळणारी साधी स्वयंसेवक होते, पण त्या संध्याकाळपासून कामाची वाटणी कशी करायची हे मला नीट समजलं.

दाराला रबरी पट्टी लावणं, खिडकीच्या सांध्यात फट बुजवायचं दोरीसारखं कॉकिंग दाबणं, माळ्याच्या झाकणाला फोम चिकटवणं, पायाच्या पट्ट्यात फोमचे तुकडे कापून बसवणं, ही कामं शिकवली तर कुणीही उत्तम करतं. काही ठिकाणी मात्र स्वयंसेवकानं हात लावायचा नाही. माळ्यावर चिनी मातीच्या गुंड्यांवरून ओढलेली जुनी वायरिंग दिसली की थांबायचं. त्या तारा मोकळ्या हवेनं थंड राहतात. त्यावर थर घातला तर तापून आग लागू शकते. अभ्रकासारखे चमकणारे करडे-सोनेरी दाणे पसरलेले दिसले की खाली उतरायचं. तो व्हर्मिक्युलाइट, उष्णता अडवायला पसरलेलं एक खनिज. या देशातला बराचसा मॉन्टानातल्या लिबीच्या खाणीतून आला आणि त्यात फुफ्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. १९७८च्या आधीचा रंग खरवडायचा नाही, त्यात शिसं असू शकतं. ‘थांबा’ म्हणायचा अधिकार एकाच माणसाकडे हवा आणि वीस उत्साही माणसांनी तो मानायला हवा. नेतृत्वाचा अर्धा भाग मला इथेच दिसतो.

उरलेला अर्धा पगारी माणसाला जमतच नाही. आमच्या गावात एक आजी एकट्या राहायच्या. मॅसॅच्युसेट्समधल्या मास सेव्ह या ऊर्जाबचतीच्या कार्यक्रमातून घराची तपासणी मोफत होते, त्याचा खर्च आपल्याच बिलांतल्या एका आकारातून निघतो. आम्ही त्यांना दोन पत्रं पाठवली, मी दोनदा दार वाजवलं. दार उघडलं नाही. वीजपुरवठ्याचे महागडे करार दारोदार फिरून गळ्यात मारणारे लोक या राज्यात पुष्कळ झालेत. अनोळखी माणूस ‘बिल कमी करून देतो’ म्हणाला की शहाणी माणसं दार लावून घेतात, आणि बरोबर करतात. शेवटी त्यांच्या चर्चमधली एक बाई आमच्याकडे स्वयंसेवक म्हणून आली. तिनं फक्त सांगितलं, ‘माझ्या घरी केलंय, येऊन बघा.’ पुढच्या शनिवारी आम्ही आजींच्या तळघरात होतो. हा विश्वास पगार देऊन विकत आणता येत नाही.

आता या सभागृहातल्या बऱ्याच जणांना लागू पडणारा प्रश्न. शिकायला आलेली आपली मुलं-मुली समरव्हिलमध्ये, ऑलस्टनमध्ये भाड्यानं राहतात. हीटिंगचं बिल बऱ्याचदा भाडेकरू भरतो, घराला थर घालायचा खर्च मालकाचा. ज्याचा पैसा वाचणार त्याला भिंत फोडायचा हक्क नाही. ज्याला हक्क आहे त्याचं काही वाचत नाही. या गाठीनं आमची अर्धी ताकद खाल्लीय. तुमच्यापैकी काहीजण स्वतः घरमालक आहेत, त्यांना मी हात जोडून सांगते: तपासणी तरी करून घ्या.

भाडेकरूसाठी मला आवडलेला मार्ग मेन या राज्यातला आहे. २०१० साली रॉकलंड गावातल्या एका चर्चमधून ‘विंडो ड्रेसर्स’ हे काम सुरू झालं. पाइनच्या लाकडाची हलकी चौकट, तिच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक फिल्म, मध्ये हवेचा थर, कडेला फोमची पट्टी. खिडकीच्या आत दाबून बसवायची, उन्हाळ्यात काढायची, घर बदललं तर नव्या खिडकीचं माप जुळतंय का बघायचं. आणि यातली फार शहाणपणाची गोष्ट म्हणजे, जो चौकटी मागवतो त्यालाच काही तास येऊन इतरांबरोबर त्या बनवायची विनंती केली जाते. घेणारा आणि देणारा एकाच टेबलाशी. इर्जिकच ती.

मेनवरून आठवलं. १९७३च्या तेलटंचाईत गरीब घरांसाठी असं काम तिथेच सुरू झालं, आणि १९७६ साली केंद्र सरकारनं त्यातून देशभरचा वेदरायझेशन कार्यक्रम उभा केला. सुरुवातीला त्यात स्वयंसेवक आणि रोजगार योजनेतली माणसं होती. खिडकीवर प्लॅस्टिक ताणायचं, फटी भरायच्या, असं तात्पुरतं काम. पुढे मोजमापं आली, प्रशिक्षित माणसं आली, काम टिकाऊ झालं. आजवर सत्तर लाखांहून जास्त घरं झालीत. म्हणजे उत्साहाला शिस्त लावता येते, त्यात कुणाचा अपमान नाही. फक्त त्या शिस्तीचा पगार कुणीतरी द्यावा लागतो, आणि तिथे माझी खरी तक्रार आहे. देणगीदार नव्या प्रकल्पाला पैसे देतात. फोन उचलणाऱ्या माणसाला द्यायला सहसा कुणी तयार नसतं. मग ते माणूस दुसरी नोकरी धरतं, स्वयंसेवकांना कुणी बोलवेनासं होतं. आमच्याकडे तीन वर्षं न चुकता येणारे एक गृहस्थ अचानक यायचे थांबले. वर्षानं बाजारात भेटले. म्हणाले, ‘बोलावणं आलं नाही, वाटलं आता गरज नसेल.’

हीटचं पुढे काय झालं तेही सांगते. त्या लोकांनी रस्त्याखालच्या गॅसनळ्यांतल्या गळत्यांकडेही नजर वळवली. बॉस्टन विद्यापीठाच्या नेथन फिलिप्स यांच्या गटानं शहराचे ७८५ मैल रस्ते गाडीनं पालथे घालून ३,३५६ गळत्या नोंदवल्या होत्या. हीटनं गॅस कंपन्यांच्याच नोंदींवरून गावोगावचे नकाशे लोकांपुढे ठेवले. नंतर त्यांनी विचारलं, गॅसची जुनी नळी बदलून पुन्हा गॅसचीच का घालायची? जमिनीखालच्या स्थिर तापमानाचं पाणी रस्त्याखालून का फिरवू नये? २०२४ साली एव्हरसोर्स कंपनीनं फ्रॅमिंगहॅममध्ये तसं जाळं सुरू केलं, सुमारे मैलभराचं, ३६ इमारतींना जोडलेलं. पण तिथेही प्रत्येक घरात कुणाला तरी आत जाऊन माळा तपासावा लागलाच असणार. गळक्या घराला कितीही चांगला हीटपंप, म्हणजे त्या पाण्यातली उष्णता घरात आणणारं यंत्र, पुरा पडत नाही.

आमच्याकडे आता एक नियम आहे. काम झालेल्या प्रत्येक घराला जानेवारीत फोन करायचा. बिल किती आलं हे आम्ही तिसऱ्या क्रमांकाला विचारतो. पहिला प्रश्न, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना. दुसरा, घरातली कुठली खोली तुम्ही थंडीत बंद ठेवता. गेल्या हिवाळ्यात त्या आजींना मीच विचारलं. त्या म्हणाल्या, मागची खोली आता उघडली, तिथे शिवणाचं मशीन नेऊन ठेवलंय.

यंदा असे एक्काहत्तर फोन करायचे आहेत आणि करणारी मी एकटी आहे. मराठी, हिंदी, गुजराती, नेपाळी बोलणारी घरं यादीत आहेत. मंगळवारी संध्याकाळचे दोन तास कुणी देऊ शकत असेल तर दारापाशी वही ठेवलीय. आणि या सभागृहाच्या मागच्या दाराला ब्लोअर डोअर लावून ठेवलाय. चहाच्या आधी पाच मिनिटं पंखा सुरू करते. सगळ्यांनी या, आणि त्या डावीकडच्या बटणांच्या पाटीपाशी हात धरून बघा.